गाळलेल्या एकशे सव्वीस खबरा

ही घडलेली गोष्ट आहे. वीरेंद्रने स्वतः सांगितलेली. आणि खोटं रचायला जेवढी कल्पनाशक्ती लागते, तेवढी त्याच्याजवळ नाही.

तिरोड्याजवळचं खेडं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. रात्रही नव्हती... सव्वाचारचं ऊन होतं.

वीरेंद्रचं काम घरूनच. पडद्यावर चौकोन ओढायचे, बाणांनी जोडायचे. जंगलात फिरणाऱ्या वनमजुरांच्या खिशातली यंत्रं दर दोन मिनिटांनी आपली जागा कळवत. खबर पहिल्या चौकोनात येई, मधल्यात चाळली जाई, शेवटल्यातून ठिपका होऊन नकाशावर पडे. कोडची एक ओळ लिहावी लागत नसे. शिकलेल्याला या कामाची लाज वाटते, न शिकलेल्याला अभिमान. वीरेंद्रला दोन्ही वाटायचं.

त्याचे वडील केवळराम, म्हणजे बाबूजी, त्याच जंगलात वनमजूर होते.

"दिवसभर ओढून राहिला लेका," ते म्हणत, "नांगरलं किती?"

अर्धा तास एकाच जागी राहिलं की ठिपका लाल होई. बाबूजी दुपारी मोहाच्या झाडाखाली डुलकी घेत, ठिपका लाल होई, साहेब कुरकुरत. म्हणून वीरेंद्रने मध्ये एक चौकोन बसवला: तीच जागा पुन्हा आली, तर खबर गाळ.

बाबूजींची झोप वाचली. साहेबांनी शाबासकीही दिली.

त्या दुपारी बाबूजी मोहाखाली आडवे झाले, ते छातीत कळ येऊन. सव्वाचारला सापडले, तोवर चार तास पडून होते.

नकाशावर एकही ठिपका लाल नव्हता.

गाळलेल्या खबरा वीरेंद्रने नंतर मोजल्या. एकशे सव्वीस. सगळ्या एकाच जागेच्या.

माणूस घरी पोचला की वीरेंद्र पडद्यावर 'परत' दाबायचा. मग ठिपका विझायचा. बाबूजींचं तेवढं राहूनच गेलं.

तेराव्यानंतर त्याने तो चौकोन काढून टाकला. बाबूजींचं यंत्र ऑफिसच्या कपाटात होतं, बॅटरी काढलेली.

सव्वाचार वाजले...

मोहाखाली ठिपका उगवला.

तो हलू लागला. बाबूजींच्याच वाटेने, नाल्याला वळसा घालून. सहाला अंगणात आला आणि थांबला.

बाहेर सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज झाला... बाबूजींची सायकल तर मायलेकांनी विकली होती.

बाबूजी पाय धुतल्याशिवाय घरात येत नसत. रुख्माने, त्याच्या आईने, काही न विचारता पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला. सकाळी तो रिकामा. उन्हाळ्यात पाणी आटतं, असं वीरेंद्र म्हणाला. एका रात्रीत, तांब्याभर.

रोज तेच. अर्धा तास अंगणात उभा राहून ठिपका लाल व्हायचा.

दोन वर्षं रुख्माने पाहिलं. मग एका संध्याकाळी म्हणाली, "थकले असतीन रे ते. त्याइले सुट्टी काऊन नाई देऊन राहिला तू?"

"दाबलं तर जातीन ना, माय."

तिने तांब्या बाहेर ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं. वीरेंद्रने 'परत' दाबलं.

ठिपका विझला.

सकाळी तांब्या भरलेला होता. रुख्माने तो तुळशीला ओतला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

त्याच दिवशी, सव्वाचारला...

ठिपका मोहाखाली उगवला. हलला नाही. अर्ध्या तासाने लाल झाला.

या वेळी वीरेंद्र धावला. तांब्या भरून घेतला, गाडी काढली. मोहाखाली कुणी नव्हतं. वाळलेली पानं तेवढी दबलेली होती, माणसाच्या लांबीची.

अंधार पडेस्तोवर तो तिथं बसला.

आज नववा दिवस. रुख्मा त्याला रोज विचारते, त्यांना सुट्टी मिळाली ना. तो 'हो' म्हणतो.

ठिपका अजून मोहाखालीच आहे. लाल.