काचेतला चेंडू

आजींची अट एकच होती. "बाई, चेंडू पुसा, काचेत ठेवा, पण त्याच्या तोंडाची चामड्याची वादी तेवढी सोडू नका."

संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या बाईंच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. फुटबॉलच्या जुन्या अंतिम सामन्याचा चेंडू, आजींच्या फुटबॉलवेड्या नवऱ्याने जन्मभर कपाटात जपलेला, आणि अजून टणक? मागच्या वर्षी बाईंनी खरा म्हणून मांडलेला चषक खोटा निघाला होता. पुन्हा तसंच झालं तर नोकरी गेलीच. आत नवाकोरा रबरी ब्लॅडर असणार, म्हणून म्हातारी वादीला हात लावू देत नाही, असं त्यांनी धरूनच टाकलं.

दुपारी दार लोटून त्यांनी वादी सोडली. आतला रबरी फुगा जुनाच निघाला. तपकिरी, चिरा पडलेला, तोंडाला दोरा करकचून बांधलेला. म्हणजे चेंडू अस्सल! बाईंचा जीव भांड्यात पडला. आता एवढं उघडलंच आहे, तर हवा काढून कापूस भरावा, म्हणजे कातडं ताणलं जाणार नाही. कामाची रीतच ती. त्यांनी दोरा कापला.

हवा आली ती उबदार. तिला लवंगेचा वास होता. आणि ती एका दमात येईना... थांबत थांबत येत राहिली.

बाईंनी भराभर कापूस भरला, वादी ओवली आणि रिकामा फुगा टेबलाच्या खणात सारला.

प्रदर्शनाच्या दिवशी आजी आल्या, त्या थेट चेंडूपाशी. काचेला कान लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"वादी नाही ना सोडलीत?"

"छे हो, आजी!"

"जायच्या आदल्या दिवशी यांनी तोंडाने फुंकून भरला होता. दहा वर्षं झाली. रोज कान लावते... चेंडूचं मला काय कौतुक?" आजींनी कान काढला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हे इथे नाहीत. बाई, कुठे ठेवलंत यांना?"

"लवंग..." बाईंच्या तोंडून निसटलं.

"सदा तोंडात असायची."

आपण काय करून बसलो, या विचाराने बाई रडायच्या बेतात आल्या. त्या धावतच आपल्या खोलीत गेल्या आणि खण ओढला. उघडेना. आत काहीतरी टम्म फुगून अडकलं होतं, आणि फटीतून लवंगेचा वास येत होता.

फुग्याच्या तोंडाचा कापलेला दोरा तर कचऱ्याच्या डब्यात तसाच पडला होता.