पार्किंगचा खटका

शपथा घेऊन सांगण्याचं माझं वय राहिलं नाही. ज्याला पटेल त्याने वाचावं. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलं आहे. आणि मामा म्हणजे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून गॅरेजातले पाने पुसायला जाणारा माणूस.

रात्र नव्हती.

मंगळवारची दुपार होती. पावणेतीन.

जागा मामांचं गॅरेज. दोन गाड्या मावतील एवढी लांबट खोली, पत्रा ठोकलेलं टेबल, वर एक ट्यूबलाइट. मामा फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतात, दुसरं काही नाही. मामी म्हणते, "सगळ्या गावाचे गिअर नीट करतात. माझ्याशी बोलताना मात्र कायम न्यूट्रल."

त्या दुपारी घड्याळवाले काका आले. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सत्तरी उलटलेली. मागे ओढून आणलेली गाडी.

"मिस्त्री, ओळखलीत?"

न ओळखायला काय झालं? लांब बॉनेट, दोन दारं, पन्नास वर्षं जुनी. काकांच्या मुलाने चार वर्षं पगार ओतून तिचं इंजिन बांधलं होतं. पाचशे हॉर्सपॉवर. मूळच्या दुप्पट. एवढा जोर जुन्या गिअरबॉक्सला झेपणार नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी तो मामांनीच नव्याने बांधून दिला होता.

आणि चार महिन्यांपूर्वी, अशाच दुपारी पावणेतीनला, घरासमोरच्या उतारावर, ती गाडी आपसूक मागे आली...

मुलगा मागे फाटक लावत होता.

शेजारी धावले. लिव्हर न्यूट्रलला टाकून त्यांनी गाडी ढकलून बाजूला केली. तोवर सगळं संपलं होतं. त्याआधी लिव्हर कुठे होता, कुणालाच आठवेना. पोलिसांच्या कागदावर आलं: चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली.

"घरातही तेच," काका म्हणाले. "सून म्हणते, वेंधळेपणा केला आणि आम्हाला वाऱ्यावर सोडून गेला. रडत नाही हो ती. रागावलेली आहे त्याच्यावर. मेलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं?"

मामा गाडीखाली वाकून बघत राहिले. तेवढंच करण्यासारखं होतं.

"अपघातानंतर ओढून नेताना मागची चाकं जमिनीवर ठेवली त्या लोकांनी. गिअरबॉक्स जळला म्हणतात."

"जळणारच. इंजिन बंद म्हणजे तेल फिरत नाही, आणि चाकं आतलं सगळं कोरडंच फिरवतात."

"खर्च सांगा. नातीला द्यायची आहे. शिकतेय गाडी."

मामांनी वही ओढली.

*टॉर्क कन्व्हर्टर: नवा, जास्त ताकदीचा*
*क्लच प्लेट, पाच संच: नवे*
*बँड, सील, रिंगा: नवे*
*इंजिनकडचा शाफ्ट: नवा, कडक पोलादाचा*
*मजुरी: नऊ दिवस*
*पार्किंगचा खटका:*

पेन तिथे थांबला.

खटका म्हणजे बोटाएवढा पोलादी तुकडा. लिव्हर पी वर, म्हणजे पार्किंगवर, आणला की तो दातेरी चक्राच्या खाचेत बसतो आणि गाडी धरून ठेवतो. टोक झिजलं तर तो दात्यांवरून नुसता घसरतो. टक, टक, टक करत.

दोन वर्षांपूर्वी तो झिजला होता.

थोडासाच. बिल आधीच आकाशाला भिडलेलं. सगळा पैसा गाडी पळवणाऱ्या भागांत गेला होता, आणि खटक्याचा पळण्याशी काय संबंध? नवा मिळायला तेव्हा तीन आठवडे लागत. किंमत म्हणाल तर दोघांच्या जेवणाएवढी. मुलाला तर गाडी दुसऱ्या दिवशी हवी होती. मामांनी टोकावरून अंगठा फिरवला, "चालतंय की" म्हणाले, आणि जुनाच बसवला.

मुलाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

"मिस्त्री..." काका दारात थांबले होते. "उघडाल तेव्हा आतून कळेल का? त्याने पी मध्ये टाकली होती की नाही? मला तेवढंच हवंय. हो म्हणा, नाही म्हणा, पण नक्की सांगा."

"बघतो."

"अजून एक. गाडी ओढून नेत होते तेव्हा मी मागे स्कूटरवर होतो. आतून आवाज येत होता. टक... टक... टक... दोन किलोमीटर. माझं आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलं, मला भास होत नाहीत. तो कशाचा?"

तसा आवाज यायलाच नको होता.

कारण तेव्हा लिव्हर न्यूट्रलला होता.

न्यूट्रलला खटका चक्राला शिवतही नाही.

...

गिअरबॉक्स उघडला. तेल डांबरासारखं, जळका वास. मामा एकेक भाग काढून टेबलावर ओळीने मांडत गेले. सगळ्यात शेवटी शेपटाकडून खटका निघाला. टोक गोल. सुपारीसारखं गोल.

त्यांनी तो कापडात गुंडाळून खणात टाकला. नवा मागवून ठेवलाच होता, तो बसवला. कोरा, धारदार.

पावणेतीन वाजता बाहेरच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. कमी नाही झाला. बंद झाला. कॉम्प्रेसरही. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता.

मग टेबलावरून...

टक.

गिअरबॉक्स अर्धा उघडा. त्यात फिरायला काहीच नव्हतं.

टक. टक.

मामांनी खटका काढून पाहिला.

टोक गोल होतं.

*पार्किंगचा खटका: नवा*
*पार्किंगचा खटका: नवा (पहिला खराब निघाला)*
*पार्किंगचा खटका: नवा (दुकान बदलून)*

"अहो," मामी बिलं लिहिताना म्हणाली, "एवढ्या मोठ्या गाडीला खटके तरी किती असतात?"

"एक."

"मग तीन कुणाला लावताय? आम्हाला?"

मामा हसले नाहीत. मामीने पेन खाली ठेवला. "काय झालंय?"

"माल खराब येतोय."

तिसरा खटका त्यांनी बसवलाच नाही. तेलकट कागदातून काढलासुद्धा नाही. टेबलावर ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसले. पावणेतीनला रस्ता गप्प झाला. कागदाच्या आतून आवाज आला. टक... टक... टक... घाई नाही. कुणीतरी अंगठा फिरवून बघावं, पुन्हा फिरवावं, तसा.

कागद उलगडला.

गोल.

"तू आहेस का रे?" मामांनी विचारलं. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं.

आवाज थांबला. वाट बघत असल्यासारखा.

"सांगतो," मामा म्हणाले. "तुझ्या बापाला सांगतो."

...

काका गाडी न्यायला आले ते रोख घेऊन. दुकानातली भिंतीवरची जुनी घड्याळं विकली होती, सगळी. "लंबकाची होती," म्हणाले, "चांगली गेली."

खटक्याची जागा अजून रिकामीच होती. मामांनी ठरवलं होतं: आधी सांगायचं, मग बसवायचा. जुना एक आणि नवे तीन, चारही एकसारखे गोल झालेले तुकडे खणात होते.

मामांची एक रीत आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. बघून घ्या, फसवलेलं नाही. काकांनी पिशवी टेबलावर रिकामी केली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक भाग पाहू लागले. घड्याळवालाच तो. शेवटी एक बारीक पिन चिमटीत धरली.

"या पिनवर काहीतरी फिरायचं. एका बाजूने घासली आहे. ते कुठंय?"

मामांनी तोंड उघडलं.

मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, वाक्य तयार होतं रे. पाठ केलं होतं. पण म्हाताऱ्याचा तो भिंगातून मोठा झालेला डोळा माझ्यावर आला आणि मला गॅरेज दिसलं, तीस वर्षं दिसली, तुझी मामी दिसली.

"खटका असतो तो," मामा म्हणाले. "गाडी धरून ठेवणारा. जुनाच ठेवलाय. चांगला होता."

"चांगला होता?"

"हो."

"म्हणजे त्याने पी मध्ये टाकली असती, तर गाडी हलली नसती."

पावणेतीन वाजले होते. रस्ता गप्प. खणातून आवाज येऊ लागला, चारही तुकड्यांचा एकदम. टकटकटकटक. काकांना ऐकू येत नव्हता. ते फक्त मामांच्या तोंडाकडे बघत होते.

"नसती हलली," मामा म्हणाले.

आवाज थांबला.

रस्ता परत सुरू झाला. हॉर्न, रिक्षा, कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं.

काकांनी भिंग खिशात ठेवलं. "बरं झालं," म्हणाले. "निदान नक्की कळलं."

ते "उद्या येतो" सांगून गेले. मामांनी खण उघडला. खटका बसवायचा होता, निदान कमी गोल असेल तो.

चारही धारदार होते.

दोन वर्षांपूर्वीचा तोसुद्धा. बोट लावलं तर कापेल असा.

...

मामा तीन आठवडे जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मग एका सकाळी जुना खटका रुमालात घेऊन काकांच्या दुकानात गेले. भिंतीवर नुसते खिळे होते, आणि खिळ्यांखाली फिकट गोल डाग. दुकानात कसलाच आवाज नव्हता.

सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचा अंगठा, "चालतंय की", तीन आठवडे, दोघांचं जेवण. "तुमच्या मुलाने पी मध्येच टाकली होती, काका. चूक माझी."

काकांनी तुकडा हातात घेतला. भिंग लावलं. फिरवून फिरवून पाहिला. कितीतरी वेळ.

"मिस्त्री, हा तर कोरा आहे."

"तेव्हा नव्हता."

"पोलाद वाढत नाही हो." त्यांनी तो रुमालात परत घडी करून ठेवला, नीट, घड्याळाचा भाग ठेवावा तसा. मग मामांच्या हातावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम आलात. दोष पदरात घ्यायला आलात. कोण करतं एवढं?"

"काका, मी खोटं बोललो होतो तेव्हा..."

"तेव्हा खरं बोललात. मी हिशेब केलाय मनाचा. आता पुन्हा नको." आणि ते चहा सांगायला उठले.

मग मामा काकांच्या सुनेकडे गेले. तिने दारातच ऐकून घेतलं. "सासऱ्यांनी सांगितलं होतं तुम्ही याल म्हणून," म्हणाली. "भले आहात. पण आता पुरे."

गाडी आज नात चालवते. छान चालते. पाचशे हॉर्सपॉवर, उतारावर उभी केली की हलत नाही. मी मागच्या महिन्यात त्या रस्त्याने जात होतो. मुलीने गाडी लावली, आई शेजारच्या सीटवर होती. काच खाली होती. आईचा आवाज आला, रोजचा असावा तसा, वरची पट्टीसुद्धा नाही.

"पी मध्ये टाकलीस? बघ नीट. बाबांसारखं करू नकोस."

मुलीने लिव्हरकडे पाहिलं. "टाकलीय गं."

मी हे मामांना सांगितलं नाही. मामांनी गॅरेज विकलेलं नाही, पण दुपारी अडीचला शटर ओढून घेतात आणि आत बसतात. मामी म्हणते, काम करत नाहीत, पंखाही लावत नाहीत. मी एकदा विचारलं, "मामा, आवाज येतो का अजून?"

ते म्हणाले, "नाही."

मग म्हणाले, "रोज बसतो. एकदा तरी यावा."