उतरणाऱ्याला आधी वाट

दिवाळीआधी रावजीच्या हृदयात स्टेंट बसले. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं. हरिहर गडाच्या पायऱ्या सपाटच आहेत, फक्त भिंतीसारख्या उभ्या रचल्यात, असं रावजीचं म्हणणं. घरी त्याने हरसूलला साखरपुडा असल्याची थाप मारली होती. म्हणजे काही बरंवाईट झालंच, तर त्याच्या बायकोसमोर, मालनवहिनींसमोर, उभं राहायचं ते सोबत आलेल्या मित्राने, समाधानने. समाधान कॉलेजात भूगोल शिकवायचा. धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढग, यापलीकडे धुक्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

डिसेंबरातला आडवार. गडावर चिटपाखरू नव्हतं. कारवीवरून दव टपटपत होतं आणि पायाखालची वाट झोपेतल्यासारखी आपोआप पुढे सरकत होती. रावजीच्या पाठीवर लेकीचं, पिंकीचं, सशाचं चित्र असलेलं दप्तर. समाधानच्या पाठीवर सिमेंट कंपनीने फुकट वाटलेली बॅग.

"दम लागला का?"

"तू विचारलंस की लागतो."

कातळजिन्याच्या पायथ्याशी पोचले, तेव्हा चौथ्या-पाचव्या पायरीच्या वर जगच नव्हतं. रावजीने खोबणीत हात घातला आणि थांबला. वरून चपलांचा आवाज येत होता.

"बाजूला हो. उतरणाऱ्याला आधी वाट," रावजी म्हणाला आणि वर ओरडला, "या हो सावकाश! आम्हाला घाई नाही!"

उत्तर आलं नाही.

या जिन्यावरून सगळे कातळाकडे तोंड करूनच उतरतात. खालच्याला आधी टाचा दिसतात, मग पाठ. चेहरा सगळ्यात शेवटी.

टाचा आल्या. ओल्या, निवांत. धुकं इतकं मऊ होतं की समाधानला क्षणभर डोळे मिटावेसे वाटले. मग पाठ आली. निळं विंडचीटर, कोपरावर उसवलेलं, पांढऱ्या दोऱ्याने टाचलेलं. पाठीवर सिमेंट कंपनीची बॅग. एका खांद्याला सशाचं दप्तर.

समाधानने स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. पांढरा दोरा जागेवर होता.

तो माणूस शेवटची पायरी उतरला. वळला नाही. कातळाला खेटून तसाच पाठमोरा धुक्यात गेला.

समाधान वर बघत राहिला. आता दुसरा.

दव टपटपत होतं.

दुसरा आला नाही.

रावजीही वरच बघत होता. परक्या लग्नातही अनोळखी माणसाशी तासभर बोलणारा रावजी. पण उतरून गेलेल्याला त्याने साधा रामरामही घातला नव्हता.

"गुडघा गेला रे माझा," समाधान म्हणाला.

"चल मग, परत जाऊ. मलाही छातीत जड वाटतंय."

अतिदक्षता विभागातसुद्धा ज्याने हे कबूल केलं नव्हतं, तो आता स्वतःहून म्हणत होता. समाधानने त्याला पुढे घातलं आणि साऱ्या उतारावर त्याच्या पायांवरची नजर काढली नाही.

पायथ्याच्या झोपडीत नवसाबाईने चहा टाकला. "लय लवकर उतरले वो! मारुतीचं दर्शन नाय झालं?"

"पुढच्या वर्षी, मावशी."

रावजीच्या तोंडावर चांगली लाली होती. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. समाधानच्या जिवात जीव आला. वहिनींचा नवरा धडधाकट समोर बसला होता.

"छाती कशी आहे आता?"

"छातीला काय धाड भरलीये? खोटं बोललो."

"का?"

रावजीने बशी खाली ठेवली.

"तो उतरला ना मघाशी... त्याच्या अंगात माझा स्वेटर होता. आणि दोन्ही बॅगा, माझी नि तुझी." तो हळूच म्हणाला, "मी वर बघत होतो रे. म्हटलं, तू कधी येतोस."

समाधानने चहाचे पैसे ठेवले.

गाडी शेताच्या पलीकडे लावली होती. बांध एकाच माणसापुरता रुंद होता. तरी दोघे खांद्याला खांदा लावून, एकेक पाय चिखलात बुडवत चालले. पुढे कोणीच झालं नाही. पुढे झालं असतं, तर पाठ दिसली असती.