एक लांब, एक आखूड

दुपारचे तीन वाजले होते, पण बायूच्या संथ, दलदलीच्या पाण्यावर धुकं असं उतरलं होतं की केबिनच्या खिडकीतून रूळसुद्धा दिसेनात. बोटींना वाट द्यायला बाजूला फिरणाऱ्या रेल्वेपुलाचा चालक उर्सिन शेगडीवर गम्बोचं कालवण गरम करत उभा होता. स्वारी आज खुशीत. लेक कोरीन मालगाडी घेऊन पहिल्यांदाच या पुलावरून जाणार होती. लहानपणी याच केबिनमध्ये बापाच्या मांडीवर बसून ती बोटींच्या भोंग्यांना उत्तर द्यायला शिकली होती.

तेवढ्यात पाण्याकडून भोंगा आला. एक लांब, एक आखूड. म्हणजे, पूल उघड.

उर्सिनचा हात आपसूक भोंग्याच्या बटणावर गेला. एक लांब, एक आखूड. म्हणजे, ये, उघडतो.

आणि मग त्यानं वर पाहिलं. पॅनेलवर लाल दिवा! कोरीनची गाडी सिग्नल ओलांडून आत शिरली होती. ती पार होईपर्यंत पुलाची कुलपं निघणारच नव्हती. 'आधी पॅनेल बघा, मग उत्तर द्या,' असं तीस वर्षं नव्या लोकांना बजावणाऱ्यानं आज स्वतःच माती खाल्ली होती. त्याच्या आधीचा चालक एव्हारिस्त असाच चुकला होता. 'ये' म्हटलेली बोट बंद पुलावर आदळली आणि चौघे बुडाले.

त्यानं घाईघाईनं पाच आखूड भोंगे दिले. थांब, उघडता येत नाही.

पलीकडून पुन्हा तेच. एक लांब, एक आखूड. आता अगदी जवळून.

"बोट, मागं फिर! पूल बंद आहे!" तो रेडिओत ओरडला.

गाडी धडधडत पुलावर आली. उर्सिननं डोळे घट्ट मिटले. शेवटचा डबा गेला, तरी धक्का नाही की काही नाही. तो रेडिओ हातात घेऊनच धावत कठड्याशी गेला. खाली ना बोट, ना साधी लाट. कुजक्या चिखलाचा वास तेवढा येत होता.

"काय हो पप्पा," रेडिओवर कोरीन खिदळली, "लेकीसाठी बँडच लावलात की!"

"वाचलीस गं बाई," म्हणत तो कठड्याला टेकला.

"पप्पा... माझ्यामागून रुळांवर काही येतंय का?"

"काही नाही. का गं?"

"मागून भोंगा ऐकू येतोय. बोटीचा असतो तसा... एक लांब, एक आखूड."

उर्सिननं रेडिओ तोंडाशी धरला. "कोरीन, नीट ऐक. त्याला उत्तर द्यायचं नाही. काहीही झालं तरी..."

"अहो, तुमचीच लेक ना मी! हात आपसूक गेला. दिलं की मघाशीच."

रेडिओवर तिनं हुंगल्याचा आवाज आला.

"पप्पा... माझ्या इंजिनात हा चिखलाचा वास कुठून येतोय?"