बारा तारांचा मळ

पेटीची मूठ चिकट होती. काकांची ही गोष्ट दर वेळी तिथूनच सुरू होते.

"चिकट म्हणजे कशी?" पुतणीने विचारलंच, तर ते म्हणतात, "आजारी माणसाचा घामेजला हात आपल्या हातात यावा, तशी. आणि कोमट." मग दुकानातला मोठा दिवा बंद करतात, टेबलावरचा तेवढा ठेवतात. काका वाद्यं दुरुस्त करतात. जिची ही गोष्ट, ती मुलगी त्यांच्या दुकानात यायची. "तिच्याच तोंडून ऐकलंय. तिखटमीठ माझ्या पदरचं नाही."

तिला सगळे धसकी म्हणत. दाराची कडी वाजली तरी दचकायची. लहानपणी डबा उघडताना पत्र्याने उजवा अंगठा कापला होता, त्याचा तिरपा व्रण राहिला होता. तेव्हापासून डब्यालाही भिते, असं काका चिडवायचे. पण गिटार हातात आली की पोरगी वेगळीच. तीन वर्षं बँडमध्ये मागे उभं राहून वाजवल्यावर म्होरक्याने तिला पहिल्यांदा पुढे बोलावलं, तेही अट घालून. "शनिवारी रेकॉर्डिंग आहे. बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणलीस तर तू. नाहीतर माझी मेहुणी टपून बसलीच आहे."

नवी घेणं झेपणारं नव्हतं. जुनी एक विकायला निघाली होती, मोडकी. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी, ऑफिस सुटल्यावर ती बघायला गेली.

विकणारा बनियनवर होता. त्याने गिटारची पेटी हाताने दिली नाही, पायाने पुढे सरकवली.

"दादाची आहे," तो म्हणाला.

"ते वाजवत नाहीत आता?"

"बोटं राहिली नाहीत त्याची वाजवण्यासारखी." मग घाईघाईने, "रात्रभर ठेवा की, ताई. बघा, वाजवा. घ्यायची ठरली तर फोन करा. तुमच्या तोंडून 'ठेवते' ऐकलं, की माझं काम संपलं. नको असली तर सकाळी आणून द्या."

इतका भला माणूस हल्ली भेटतो कुठे, असं म्हणत तिने मूठ धरली. आणि रुमाल काढून हात पुसला.

तिच्यासोबत खोलीत राहणारी मैत्रीण रात्रपाळीला गेली होती. धसकीने दाराला आतून कडी लावली, पेटी टेबलावर ठेवली, झाकण उघडलं. वास आला. कितीतरी दिवस न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याचा, तेलकट केसांचा.

गिटार देखणी होती, नाही कशाला म्हणा. दोन खुंट्या तुटलेल्या, तारांचा आवाज पकडणारा एक पिकअप मुका, मान किंचित वाकलेली. सगळं काकांच्या हातात दुरुस्त होण्यासारखं. तारा जोडीजोडीने, एका बोटाखाली दोन. तिने छोट्या स्पीकरला वायर जोडून एक जोडी छेडली... अंगावर काटा आला, पण सुखाचा. एकीच्या मागे दुसरी अशी बोलली, जशा दोघी बहिणी एकच वाक्य म्हणतात. शनिवार तिला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

मग तिने तारांखाली पाहिलं.

लाकडावर राखाडी थर होता. जुन्या वाद्यावर मळ असतोच. काकांचा तर नियमच की मळ बघितल्याशिवाय वाद्य घ्यायचं नाही. बोटं कुठे पडायची, किती जोराने, सगळं मळ सांगतो. खरवडून कागदावर काढायचा आणि त्यांना नेऊन दाखवायचा. तिने कागद पसरला, तारा सैल केल्या आणि नखाने खरवडायला घेतलं.

मळ वाळलेला नव्हता. मऊ होता. लोण्यासारखा नखाखाली शिरत होता. त्याच्या बारीक वळ्या निघत, आणि वळ्या कसल्या... कातडीच्या. पातळ, पांढुरक्या. पोळलेल्या त्वचेचा पापुद्रा निघतो, तशा. एकीत अर्धं नख होतं.

तरी तिने सगळं लाकूड साफ केलं. काकांना दाखवायचं होतं म्हणून कागद टेबलावर ठेवला आणि मोरीत पळाली. साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. वास जाईना.

तिथेच तिने ठरवलं. नको. मरू दे ते रेकॉर्डिंग, वाजवू दे त्या मेहुणीला. ही घाण पुन्हा हातात धरायची नाही.

नळाच्या आवाजाआड बाहेर कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. बाईचा आवाज. ओळखीचा. शेवटी जरासा हसला.

तिने नळ बंद केला.

काही नाही. शेजारच्यांचा टीव्ही असेल.

इथे काका टेबलावरचा दिवा जवळ ओढतात.

ती खोलीत आली. दाराची कडी तशीच. फोन टेबलावर होता, काच मळकट झालेली. नको म्हणून आत्ताच सांगून टाकावं, सकाळची वाट कशाला बघा. तिने फोन उघडायला अंगठा टेकवला.

उघडला नाही.

ओला असेल. पुसला, टेकवला. नाही. दुसरं बोट... नाही. तिसरं...

तिने हात दिव्याखाली धरला.

बोटांच्या टोकांवर एक रेघ नव्हती. दुखत नव्हतं. रक्त नव्हतं. नुसती गुळगुळीत, चमच्याच्या पाठीसारखी. अंगठ्यावरचा व्रणही नव्हता.

कागद कोरा होता. वळ्या नाहीत, नख नाही.

गिटारच्या मानेवर राखाडी थर होता. ओला.

तिने आकडे दाबून फोन उघडला, काकांना लावला. वाजत राहिला. लाकडाला सरस लावलेला असला की काका फोनला हात लावत नाहीत, तिला ठाऊक होतं. तरी पुन्हा लावला. नाही.

मग विकणाऱ्याला.

वाजला... वाजला... बंद झाला.

पुन्हा.

टेबलावर तारा सैल होत्या. सैल तार वाजत नाही. पण एक जोडी अगदी हळू... एकीच्या मागे दुसरी...

"उचला," ती पुटपुटली. "उचला हो."

पलीकडे खरखर झाली. झोपेतला, वैतागलेला आवाज आला.

"आता काय राहिलं, ताई? मघाशी तुम्हीच फोन केलात ना. 'ठेवते' म्हणालात. हसलात पण."

तिने फोन कानापासून लांब धरला. मळकट काचेवर एका अंगठ्याचा राखाडी ठसा होता. रेघ न् रेघ स्पष्ट. आणि मधोमध तिरपा व्रण.