दयारामभाऊच्या उशाचा दिवा

नांदुऱ्याचा बशीर तुमच्यातल्या कोनी पाह्यला नसन. माझा दोस्त होता. स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. खोटं बोलनाऱ्यातला नव्हता तो, म्हनून तं मी हे खरं मानतो. पन कोनाले सांगत नाई. आज विषय निघाला म्हनून सांगून राह्यलो. शेकोटीतलं ते लाकूड पुढं सरकव बे, विझून राह्यलं.

तं जळगाव जामोदले बेबीताई राह्यते. तिचा नवरा दयारामभाऊ, शाळेत शिपाई होता. लकव्यानं पडला. वाचा गेली, हातपाय गेले, उजव्या हाताचं एक बोट तेवढं हाले. त्याले बटन दाबता ये ना. मंग बशीरनं त्याच्यासाठी एक दिवा बनवला. लाकडी खोक्यात सर्किट, वरतं पितळेची चकती, अन् उशाशी पिवळा बल्ब. चकतीले बोट टेकवलं की दिवा पेटे. बोट तसंच ठेवलं तं उजेड हळूहळू वाढे, मंग हळूहळू उतरे. त्या दोघाचं बोलनंच झालं होतं ते. मंद उजेड म्हंजे पानी पाह्यजे. भरपूर उजेड म्हंजे जवळ ये.

बशीरनं देतानीच सांगतलं होतं, "भाभी, करंटची भीती नाई. पन याले जिता जीव लागते. लाकूड टेकवा, प्लास्टिक टेकवा, पेटत नाई. मानसाचं आंग ओळखते हा."

दिवाळीच्या आधी दयारामभाऊ गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले बशीर जाऊन आला, दोन घास खाऊन आला. अन् मंग जानेवारीत बेबीताईचा फोन.

"बशीरभाऊ, तो दिवा घेऊन जा."

"काऊन? बिघडला का?"

"बिघडलाच असन... रातच्यानं आपोआप पेटते."

"मंग प्लग काढून टाका ना भाभी."

मंग म्हने, "काढवत नाई, भाऊ."

संक्रांत होऊन तीन रोज झाले होते. शनिवार. बशीरनं दुकान बंद केलं, पिशवीत पेचकस-कटर टाकलं अन् मोटरसायकल काढली. पूर्णेचा पूल ओलांडला तवा दिवस बुडाला होता. सातपुड्याकडून असा वारा, की कान दुखून आले म्हने.

बेबीताईनं चहा केला. लेक पुष्पांजली अकोल्याले, सासरी. घरात ही एकटीच. बशीरनं खोकं उघडलं. थोडी ओल होती, धूळ होती. सारं पुसलं, सुकवलं, दोन जागी नवा सोल्डर मारला. बोट टेकवलं, पेटला. लाकूड टेकवलं, नाई पेटला.

"पाल फिरत असन चकतीवरून," बशीर म्हने. "आता काई होत नाई."

"आजची रात थांबा, भाऊ."

"भाभी..."

"थांबा. तुमी सोता तुमच्या डोळ्यानं पाहा." मंग पदर तोंडाले लावून सांगतलं तिनं. "ते गेले ना, त्या राती दिवा पेटला होता. भरपूर. मी पाह्यला. पन दिवसभराची थकली होती... म्हटलं, उठतो आता. डोळा लागला. सकाळी पाह्यतो तं..."

बशीरनं खुर्ची दाराजवळ ओढली.

खाट रिकामी. उशाशी दिवा, बंद. बेबीताई खाली चटईवर, बशीर दाराजवळ खुर्चीवर. गल्लीत सामसूम. एका टायमाले कुत्रे भुकले, मंग तेही थांबले.

मध्यरात उलटली असन. बशीरचा डोळा लागून राह्यला होता. बल्बातली तार लाल झाली.

मंग पिवळी.

उजेड वाढू लागला. हळूहळू. पाल असती तं झटक्यात पेटला असता, झटक्यात विझला असता. हे तसं नव्हतं. कोनी बोट ठेवून बसल्यावानी...

वाढला. उतरला. पुन्हा वाढला.

बशीर उठला. कटर घेतलं, चकतीची तार तोडली. आता चकतीचा अन् सर्किटचा काईच संबंध नाई.

उजेड थांबला.

...

मंग पुन्हा वाढू लागला.

"भाभी, प्लग काढतो मी!"

"नका!" बेबीताई सरकत खाटेपाशी गेली. तोडलेल्या तारेपाशी, चकतीवर हात ठेवला. रडत होती. "मी जागी आहे हो. आता नाई झोपली मी. सांगा... काय पाह्यजे?"

उजेड भरपूर झाला. तिथं थांबाले पाह्यजे होता. थांबला नाई. पांढरा झाला. बल्ब घूं घूं करे. बशीरनं डोळे झाकले.

फट्!

अंधार.

कोनीच हाललं नाई. मंग बेबीताईचा आवाज आला, लय बारीक.

"भाऊ... माह्या हातावर हात ठेवला त्यायनं."

बाकीची रात दोघंही तसेच बसून राह्यले. बेबीताई रडे, मधीच हासे. आले होते म्हने, माफ केलं म्हने. बशीरलेही बरं वाटलं. म्हटलं, चला, बाईच्या जीवावरचं ओझं उतरलं.

उजाडलं. तिनं खिडकी उघडली.

अन् तिचं हासनं थांबलं.

खाटेमागच्या चुन्याच्या भिंतीवर पंजा उमटला होता. काळपट, धुरानं माखल्यावानी. बशीरनं रुमालानं पुसला, निघाला नाई. बेबीताईनं पुढं दोनदा चुना मारला. मी स्वतः गेलतो पाह्याले, चुन्यातून वर आला होता.

दिवा द्याले बशीरसंगं मी गेलतो, दयारामभाऊचा पंजा तवा पाह्यला होता. केवढा थोरला. हा लहान होता. बारीक बोटं, पाचही पसरलेली.

अन् मनगटाशी बांगड्या, बेबीताईच्या हातात होत्या तशाच.