नवव्या पडद्यावरची खिडकी

हे घडलेलं आहे. कोणाला पटवायला मी बसलेली नाही. मासोझीने सांगितलं तसं लिहिते.

मासोझी माझी विद्यार्थिनी. मझुझूच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि खोटं बोलणारी मुलगी मला पाठमोरी ओळखता येते. ही तशी नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा जून. गुरुवार. दुपारचं लख्ख ऊन. जागा सरोवराकाठचं न्खाता बे, धक्क्याजवळच्या टेकडीवरची मच्छीमार संघाची वाऱ्याची खोली.

एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक फोन. आणि बाहेर झेंड्याचा खांब. मासोझी तिथे कामाला होती.

मी या देशात आले तेव्हा वारा म्हातारे लोक सांगायचे. धक्क्यावर बसून नाक वर करायचे आणि म्हणायचे, "आज म्वेरा उठणार." म्वेरा म्हणजे दक्षिणेचा वारा. तो उठला की सरोवर माणसं मागतं. आता म्हातारे गेले. तळ्याकाठी तीन ठिकाणी वारा मोजायची यंत्रं बसली, आणि त्यांचे आकडे मासोझीच्या पडद्यावर यायला लागले. आकडा पंधराच्या वर गेला की लाल झेंडा. नाहीतर हिरवा.

पडद्याची ती मांडणी लामेक म्हांगोने केली होती. मासोझीच्या आधीचा माणूस.

त्याच्या वेळी कॉम्प्युटर साधा होता. खिडकीवर खिडकी उघडायची. एकदा दक्षिणेच्या आकड्यांची खिडकी दुसऱ्या खिडकीखाली झाकली गेली. आकडा चढत गेला, लामेकला दिसलाच नाही. दोन होड्या गेल्या.

त्यानंतर त्याने सगळं बदललं.

उसिपाची बारीक मासळी वाळत घालायचे मांडव असतात ना, तसं. एका मांडवावर चार बायका आपापल्या वाट्यात मासे पसरतात. पाचवी आली की चौघी सरकून तिला जागा देतात. ती गेली की पुन्हा पसरतात. कोणी कोणाच्या माशांवर मासे टाकत नाही. लामेकच्या पडद्यावर खिडक्या तशाच राहायच्या. नवी उघडली की बाकीच्या आपोआप आक्रसणार, मिटली की पसरणार. सगळं बटणांवर. ज्या खिडकीभोवती बारीक लाल रेघ, तिच्यात टाइप केलेलं उमटणार. आणि एका पडद्यावर दाटी झाली तर एकामागे एक असे एकूण नऊ पडदे. आकड्याचं बटण दाबलं की तो पडदा समोर.

"बाकीचे आठ वापरू नकोस," लामेक तिला शिकवताना म्हणाला होता. "सगळं डोळ्यांसमोर ठेव, पोरी. जे दिसत नाही, तेच बुडवतं."

त्याच वर्षाच्या सुरुवातीला तापाने लामेक गेला. खुर्ची मासोझीला मिळाली.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा झालं.

तिच्या पडद्यावर चार खिडक्या. तीन वाऱ्याच्या, एक निरोपांची. ती चहा ओतत होती. वळून बघते तर...

चारही खिडक्या किंचित सरकल्या होत्या.

उजवीकडे खाली बोटभर जागा झाली होती. काळी, रिकामी. वर नाव नाही, आत अक्षर नाही.

तिने मिटवायचं बटण दाबलं. मिटली नाही. दुपारी केव्हातरी आपणच नाहीशी झाली.

संध्याकाळी एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी काठाला लागली. एकटीच.

मेमध्ये पुन्हा. या वेळी जागा मोठी होती. आकडे शांत होते. त्या दिवशी होडीतून कसाव्याचे कंद घेऊन येणाऱ्या तिघी जणी घरी पोचल्या नाहीत.

तिसऱ्या वेळी मासोझीने वाट पाहिली नाही. जागा दिसली, लाल झेंडा चढवला. बाजाराचा दिवस होता, एकही होडी सुटली नाही. दिवसभर पानही हललं नाही.

संध्याकाळी काळी जागा मिटली. कोणी मेलं नाही. पण वाचलेल्याला आपण वाचलो हे कळतं कुठे?

धक्क्यावरच्या बायकांनी तिला घेरलं. "काय गं मासोझी, वारा तुझ्या पोटात होता का? ओवा खा, ओवा!"

"प्रेमात पडली असेल. लाल दिसतंय सगळं!"

संघाच्या साहेबांनी मात्र हसून घेतलं नाही. "पुन्हा वाऱ्याशिवाय झेंडा चढला, तर झेंड्याबरोबर तूही खाली उतरशील. कळलं?"

मासोझीच्या पगारावर आई होती. मासोझीने मान हलवली.

आणि मग तो गुरुवार.

तिचा धाकटा भाऊ सुझगो प्रवासी होडी चालवायचा. लिकोमा बेटावर लग्न होतं. वऱ्हाड होडीत बसलेलं, ढोल वाजत होता, गाणी टेकडीपर्यंत ऐकू येत होती. निघण्याआधी प्रत्येक नावाड्याने खोलीत फोन करायचा, असा नियम.

फोन वाजला. तिने उचलला, आणि उचलता उचलता पडद्याकडे पाहिलं...

खिडक्या सरकत होत्या.

तिच्या देखत. उजवीकडून काळी जागा पसरत आली. पाव पडदा. अर्धा पडदा. चार खिडक्या डावीकडे भिंतीला टेकल्यासारख्या एकमेकींत दाटल्या.

"ताई? हिरवा की लाल? नवरीची मावशी माझं डोकं खातेय."

"थांब जरा."

"थांबतो. पण मावशीला तू सांग, माझ्यात हिंमत नाही."

तिने आकडे वाचले. दोन. तीन. दोन. काहीच नाही.

"सुझगो, आज नको जाऊस."

"का? किती आहे वारा?"

तिने आकडे पुन्हा वाचले. तेच.

"ताई, अगं तळं बघ. आरसा आहे आरसा, भांग पाडून घ्यावा. परत उगाच लाल चढवलास तर तुझी नोकरी जाईल, आणि मग तुला नि आईला दोघींना मीच पोसायचं. आणि तू खातेस किती!"

मागे कोणीतरी खळखळून हसलं. ढोल घुमला.

तिने मिटवायचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लाल रेघ त्या काळ्या जागेभोवतीच होती, पण ती मिटेना.

तेव्हा तिने ते केलं...

खिडकी मिटत नसेल तर दुसऱ्या पडद्यावर ढकलता येते. दोन बटणं आणि एक आकडा. तिने नऊचं बटण दाबलं. नववा पडदा, जिथे कोणीच बघत नाही.

काळी जागा गेली. चारही खिडक्या ऐसपैस पसरल्या. दोन, तीन, दोन. किती नीट दिसत होतं सगळं.

"हिरवा," ती म्हणाली. "जा."

होडी निघाली. खोलीच्या खिडकीतून गाणं येत राहिलं. पाण्यावरून गाणं लांबवर ऐकू येतं. हळूहळू बारीक होत गेलं, बायकांचे आवाज, ढोल, पुन्हा बायका...

आणि थांबलं.

विरलं नाही. ओळीच्या मधेच तुटलं.

मासोझी उठून उभी राहिली. होडी सुळक्याआड गेली असेल, म्हणून आवाज येत नसेल. तिने स्वतःला तसं सांगितलं.

तिने सुझगोला फोन लावला. घंटा वाजत राहिली.

मग तिने नवव्या पडद्याचं बटण दाबलं.

तिथे आता एकच खिडकी नव्हती. पडदा बारीक बारीक चौकोनांनी भरला होता. सगळे काळे, सगळे रिकामे. गणिताची मुलगी, तिने मोजले. बावीस.

वऱ्हाड एकवीस, आणि नावाडी.

ती बघत असताना एक मिटला.

बाकीच्यांनी सरकून त्याची जागा घेतली.

मग दुसरा. तिसरा. आवाज नाही, घाई नाही. एक मिटायचा, उरलेले थोडे मोठे व्हायचे. तिच्या एका कानाला फोन, त्यात नुसती घंटा. ती ओरडत होती, "उचल रे! उचल!" दहा उरले. सहा. तीन...

एक.

तो पूर्ण पडदाभर पसरला. त्याच्याभोवती बारीक लाल रेघ.

नावाडी होडी सगळ्यांत शेवटी सोडतो. तळ्याकाठी हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

होडी संध्याकाळी सापडली. सरळ, कोरडी. इंजिन बंद. भाताची पातेली झाकलेली, ढोल आडवा ठेवलेला. माणूस एकही नाही. एकाचंही शरीर आजवर मिळालेलं नाही. तिन्ही यंत्रांवर त्या दिवसाचा सगळ्यांत मोठा आकडा चार.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "तू हिरवा दिलास तेव्हा पडद्यावर काही वेगळं होतं?"

"नाही साहेब," मासोझी म्हणाली. "पडद्यावर काही नव्हतं."

हे खरंच होतं. म्हणूनच तिला ते सोसत नव्हतं.

तिने नोकरी सोडली, आईला तिथेच आपल्या मावशीकडे ठेवलं आणि मझुझूला आली. डोंगरावर, पाण्यापासून लांब. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने हे सगळं एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावरही ती उठेना.

"बाई, शेवटची खिडकी मिटलीच नाही."

"कशावरून?"

"नोकरी सोडली त्या दिवशी मी परत पाहिलं. तशीच होती. पडदाभर. लाल रेघ तिच्याभोवतीच. कोणीतरी काही लिहील म्हणून थांबल्यासारखी."

"मग?"

"मी लिहिलं. सुझगो, एवढंच."

मी कपबशी खाली ठेवली. "उत्तर आलं?"

"नाही." ती टेबलाकडे बघत होती. "पण खिडकी सरकली, बाई. अर्धी झाली. शेजारी जागा केली."

पुढे मी काही विचारलं नाही. आजही वाटतं, विचारायला हवं होतं.

तीन वर्षांत ती एकदाही तळ्यावर उतरली नाही. लोक बोलावून थकले. या सोमवारी तिची आई वारली, न्खाता बेलाच. मातीला जायलाच हवं. निघताना दारात येऊन मला म्हणाली, "बाई, दफन झालं की लगेच परत फिरेन. काठाकडे बघणारसुद्धा नाही."

दफन मंगळवारी झालं.

आज शुक्रवार. हवा शांत आहे, मी रेडिओवर ऐकलं. सकाळपासून तिला फोन लावते आहे.

घंटा वाजते...